नापासांना दाखला

बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाच्या अंतःकरणात ‘मी कोण?’ हा प्रश्न जागा होतो, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा प्रगतिपुस्तकातील लाल शाईच परस्पर देऊन टाकते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या संत निळोबाराय विद्यालयाने मात्र, अन्यत्र नापास ठरलेल्या, घरीदारी वाया गेलेली म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलांना अगत्याने दाखल करून घेण्याचा रिवाज पाडला. वसतिगृहाची शिस्त, व्यायाम, श्रमदान आणि अभ्यास यांत, गणितात अडखळणाऱ्या मुलालाही आपण लावलेले रोप जगल्याचे पाहता येते. माझ्या मते मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा हे अधिक मोलाचे आहे. जिल्ह्यातील अन्य शाळाचालकांनी निदान प्रवेशाचा हा रिवाज तरी उचलावा.