वळणावळणाची बाग

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात गेलात, तर एक दिवस लान सू चिनी बागेसाठी राखून ठेवा. ‘पोर्टलंड’मधला ‘लान’ आणि त्याचं भगिनी-शहर असलेल्या चीनमधल्या ‘सुझोऊ’तला ‘सू’, असं हे नाव. पूर्वी इथे गाड्या उभ्या राहायच्या. सुझोऊहून कारागीर आले आणि २००० साली बाग खुली झाली.

बाग जेमतेम ४० हजार चौरस फुटांची, एकरभरही नाही. मग दिवसभर करायचं काय? सावकाश चालायचं! तळ्याभोवतीची वाट सरळ जातच नाही. भिंतीतल्या नक्षीदार जाळीतून पलीकडची हिरवाई डोकावते. वळलात की पाणी, पुढे मंडप. सगळं एकदम दिसत नाही, म्हणूनच छोटी बाग मोठी वाटते.

मुलांना पायाखालची खड्यांची नक्षी शोधू द्या. आजी-आजोबांना तळ्याकाठी निवांत बसू द्या. दुपारी दुमजली चहाघरात सगळ्यांनी मिळून चहा घ्या. पाऊस आलाच तर पळू नका. छपराखाली उभं राहून कौलांवरून ओघळणाऱ्या धारा बघा. निघण्यापूर्वी आणखी एक फेरी मारा. जाळी सकाळचीच, पण तिची सावली सरकलेली असते.

पोर्टलंडला जाणं होईल न होईल. येत्या रविवारी घराजवळच्या बागेत मात्र नक्की जा. फोन खिशात ठेवा आणि त्याच वाटेनं दोनदा फिरा. दुसऱ्या फेरीत काय नवं दिसलं, ते घरच्यांना विचारा.