ड्रॅगन एज २ : खेळाडूंच्या प्रतिक्रिया

ड्रॅगन एज २ हा कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने निर्माण केलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने ८ मार्च २०११ रोजी उत्तर अमेरिकेत प्रकाशित केलेला अद्भुतरम्य रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम आहे. २००९ साली आलेल्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' या गाजलेल्या खेळाचा हा दुसरा भाग होय. समीक्षकांनी त्याचे सामान्यतः स्वागत केले. परंतु पहिल्या भागावर जीव जडलेल्या खेळाडूंपैकी मोठ्या वर्गाची त्याने निराशा केली. लोकप्रिय कथेच्या पुढील भागाकडून चाहते काय अपेक्षितात आणि ती अपेक्षा भंगली म्हणजे काय घडते, याचे हा खेळ एक वारंवार दिले जाणारे उदाहरण ठरला आहे.

पहिल्या भागाने निर्माण केलेली अपेक्षा

रोल-प्लेइंग प्रकारच्या खेळात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो आणि त्या पात्राच्या वतीने निर्णय घेतो. कादंबरीच्या वाचकाला कथेत हस्तक्षेप करता येत नाही. येथे मात्र तो करावाच लागतो. 'ओरिजिन्स'मध्ये खेळाडूला मानव, एल्फ अथवा ड्वार्फ यांपैकी एक वंश निवडता येई आणि त्यानुसार सहा निरनिराळ्या प्रारंभकथांपैकी एक त्याच्या वाट्याला येई. फेरेल्डन या राज्यावर कोसळलेल्या 'ब्लाइट' नामक संकटाशी लढताना राज्याच्या गादीवर कोणी बसावे इथपर्यंतचे निर्णय खेळाडूच्या हाती होते. लढाई मध्येच थांबवून प्रत्येक सोबत्याला स्वतंत्र आज्ञा देता येत असे, आणि संगणकावरील आवृत्तीत रणांगण उंचावरून पाहण्याचीही सोय होती.

असा खेळ संपायला कित्येक दिवस लागतात. तेवढ्या काळात खेळाडूचा त्या कथेशी वाचकापेक्षा वेगळा संबंध जुळतो : कथा आपण वाचली असे न वाटता ती आपण घडवली, असे त्याला वाटू लागते. पुढील भागावर हक्क सांगण्याची वृत्ती येथूनच उद्भवते. तिला केवळ हट्ट म्हणता येणार नाही, कारण ती वृत्ती त्या खेळानेच जोपासलेली असते.

दुसऱ्या भागाची रचना

'ड्रॅगन एज २'मध्ये जग तेच राहिले, पण नायक आणि स्थळ बदलले. ब्लाइटमुळे देशोधडीला लागलेले हॉक कुटुंब समुद्रापलीकडील कर्कवॉल या शहरात आश्रयाला येते आणि सुमारे एका दशकात हॉक हा निर्वासित त्या शहराचा मानकरी बनतो. हॉक पुरुष असावा की स्त्री, योद्धा असावा की जादूगार, हे खेळाडूने ठरवायचे. मात्र तो मानवच असतो. त्याला निश्चित आडनाव, कुटुंब आणि पूर्वइतिहास आहे. पहिल्या भागातील नायक मुका होता आणि त्याची वाक्ये पडद्यावर पूर्ण वाचून निवडावी लागत. येथे नायकाला आवाज मिळाला आणि पूर्ण वाक्यांऐवजी त्यांचा रोख सुचवणारे मोजके शब्द एका चक्रावर दिसू लागले.

सारी कथा व्हॅरिक नावाचा हॉकचा सोबती चौकशीसाठी आलेल्या कॅसँड्राला सांगत असतो, आणि सांगताना तो अधूनमधून तिखटमीठही लावतो. कथेच्या पोटात कथा ठेवण्याची ही रीत मराठी वाचकाला नवी नाही. गोदाकाठच्या पैठणशी परंपरेने जोडल्या गेलेल्या गुणाढ्याच्या बृहत्कथेपासून ती आपल्याकडे चालत आली आहे. (त्या कथेला राजाने आधी नाकारले आणि पुढे तिचा उरलासुरला भाग जतन केला, अशी आख्यायिका आहे.) जग वाचवण्याच्या मोहिमेऐवजी एका शहराचा आणि एका घराचा दहा वर्षांचा इतिहास सांगणे, हा त्या प्रकारच्या खेळांत धाडसी प्रयोग होता. निराश झालेल्या अनेक खेळाडूंनीही हे मान्य केले आहे.

मुख्य आक्षेप

सर्वाधिक रोष ओढवला तो पुनरावृत्त स्थळांनी. कर्कवॉलभोवतालच्या गुहा, तळघरे आणि वाडे कथेत वेगवेगळे असले, तरी प्रत्यक्षात मोजकेच आराखडे पुनःपुन्हा वापरण्यात आले होते. एखादी वाट दगडी दाराने बंद करायची, प्रवेश दुसऱ्या टोकाने द्यायचा, आणि गुहा नवी म्हणून दाखवायची, अशी ती युक्ती होती. कोपऱ्यातील लहान नकाशात बंद केलेला भागही दिसत राही, त्यामुळे ती लपतही नसे. वास्तविक तोच पडदा राजवाड्यालाही आणि अरण्यालाही वापरणारी नाटके प्रेक्षक आनंदाने पाहत आले आहेत. परंतु तेथे प्रेक्षक आणि नट यांच्यात एक संकेत ठरलेला असतो. ज्या खेळाचा निम्मा आनंद अनोळखी प्रदेशात पाऊल टाकण्यात आहे, तेथे हा संकेत चालत नाही. दहाव्यांदा तीच गुहा पाहणाऱ्या खेळाडूला आपल्याला गृहीत धरले गेले असे वाटते.

यामागील कारण मुख्यतः वेळेचे होते. त्रिमितीय स्थळे उभारणे हे अशा खेळातील अतिशय वेळखाऊ काम असते. 'ओरिजिन्स' प्रकाशित होण्याआधी पाच वर्षे, २००४ सालीच, जाहीर झाला होता. त्याच्या प्रकाशनानंतर दुसरा भाग अवघ्या १६ महिन्यांत बाजारात आला. बायोवेअरचा 'स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक' हा मोठा खेळ लांबणीवर पडल्याने निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यासाठी 'ड्रॅगन एज २' हाती घेतला गेला, असे या मालिकेचे माजी कार्यकारी निर्माते मार्क डॅरा यांनी पुढे सांगितले आहे.

दुसरा आक्षेप लढाईविषयी होता. तिचा वेग वाढला, उंचावरून पाहण्याची सोय गेली, आणि शत्रूंची पहिली तुकडी पडताच दुसरी तुकडी छतावरून किंवा हवेतून अवतरू लागली. शत्रू कोठून येणार हेच ठाऊक नसेल, तर आपली माणसे विचारपूर्वक उभी करण्याला अर्थ उरत नाही. सोबत्यांची चिलखते बदलण्याची मुभाही काढून घेण्यात आली.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. खेळभर जादूगार आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे टेंपलर यांच्यातील संघर्ष धुमसत राहतो आणि अखेरीस खेळाडूला एक बाजू निवडावी लागते. पण कोणतीही बाजू घेतली, तरी जादूगारांचा प्रमुख ऑर्सिनो आणि टेंपलरांची सेनानी मेरेडिथ या दोघांशीही लढणे अटळ असते. हॉकच्या आईचा मृत्यूही कोणत्याच निर्णयाने टळत नाही. समर्थकांच्या मते ही शोकांतिका आहे आणि माणसाच्या कर्तृत्वाची मर्यादा दाखवणे हाच तिचा हेतू आहे. आईच्या प्रसंगापुरते हे म्हणणे पूर्णपणे पटते. ज्या जादूगारांसाठी हॉक प्राण पणाला लावतो, त्यांचाच प्रमुख ऐन क्षणी राक्षसी रूप धारण करून त्याच्यावर उलटतो, हे मात्र शोकांतिकेपेक्षा सोयीचेच अधिक वाटते.

आवडलेल्या गोष्टी

नाराजीच्या गदारोळातही सोबत्यांच्या पात्रांची वाखाणणी झाली. व्हॅरिक, आव्हेलिन, इझाबेला आणि मेरिल ही माणसे हॉकच्या गैरहजेरीतही आपापले आयुष्य जगत असल्यासारखी वाटतात. हॉकशी असलेले त्यांचे नाते मैत्री किंवा प्रतिस्पर्धा यांपैकी कोणत्याही दिशेने वाढू शकते, आणि मतभेद ठेवूनही सोबती सोबत राहू शकतो. कुनारी सेनापती आरिशोकभोवती गुंफलेला मधला अंक अनेकांना उत्कृष्ट वाटतो.

प्रतिक्रियांचे स्वरूप

परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांच्या मते संगणक आवृत्तीला १०० पैकी ८२ गुण मिळाले ('ओरिजिन्स'ला ९१). त्याच ठिकाणी सामान्य खेळाडूंनी दिलेली सरासरी १० पैकी ५ च्याही खाली गेली. या तफावतीचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. अनेकांनी सरळ शून्य गुण दिले होते. वर्गात पेपर तपासताना चार प्रश्नांची उत्तरे चुकली म्हणून कोणी पूर्ण पेपराला शून्य देत नाही. येथे शून्य हे मूल्यमापन नसून निषेधाचे चिन्ह होते. दुसऱ्या टोकाला, पैकीच्या पैकी गुण देणारा एक अभिप्राय बायोवेअरच्याच एका कर्मचाऱ्याने लिहिल्याचे उघड झाले. प्रकाशक कंपनीने त्याचे समर्थन केले आणि चाहत्यांचा अविश्वास वाढला.

काही प्रतिक्रियांनी मर्यादा ओलांडली. २०१२ साली बायोवेअरच्या एका लेखिकेची काही वर्षांपूर्वीची मुलाखत उकरून काढून तिच्यावर अर्वाच्य भाषेत हल्ले करण्यात आले. लढाईचे प्रसंग वगळून केवळ कथा अनुभवण्याची सोय असावी, एवढेच मत तिने मांडले होते. ज्या दोषांविषयी खेळाडूंची तक्रार होती, त्यांच्याशी या मताचा संबंध नव्हता. पुनरावृत्त गुहांविषयीची नेमकी टीका आणि व्यक्तीविरुद्धचा हा छळ एकाच 'चाहत्यांचा रोष' या नावाखाली नोंदवला गेल्याने पहिल्या टीकेचेही नुकसान झाले.

पुढील भागांवरील परिणाम

'एक्झॉल्टेड मार्च' हा नियोजित विस्तारभाग रद्द झाला. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी आलेल्या 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन'मध्ये वंशनिवड आणि उंचावरून रणांगण पाहण्याची सोय परत आली, तसेच आधीच्या भागांतील निर्णय नोंदवून पुढे नेण्यासाठी 'ड्रॅगन एज कीप' ही स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली. स्थळे इतकी विस्तीर्ण झाली की, 'हिंटरलँड्स' या पहिल्याच प्रदेशात अडकून पडू नका, असा सल्ला जुने खेळाडू नवख्यांना देऊ लागले. या खेळाला त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. त्यात व्हॅरिक, कॅसँड्रा आणि स्वतः हॉकही पुन्हा भेटतात. नाकारल्या गेलेल्या खेळातील पात्रेच पुढे मालिकेचा आधार बनली.

३१ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेल्या 'द व्हेलगार्ड' या चौथ्या भागात पूर्वीचे मोजकेच निर्णय पुढे आणण्यात आले आणि आपण घडवलेला इतिहास पुसला गेल्याची तक्रार नव्याने उमटली. त्याला मिळालेले खेळाडू अपेक्षेपेक्षा जवळपास निम्म्याने कमी असल्याचे प्रकाशक कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. या सुमारास अनेक जुने खेळाडू 'ड्रॅगन एज २'कडे परतले आणि त्यातील सोबत्यांविषयी आणि कर्कवॉलविषयी आपुलकीने लिहू लागले. गुहांविषयीचे मत मात्र कोणी बदललेले दिसत नाही.

महाराष्ट्रातील निकटचे उदाहरण

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०) हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ रोल-प्लेइंग प्रकारातला नाही आणि दुसरा भागही नाही, पण खेळाडूच्या अपेक्षेचा प्रश्न तेथे उलट बाजूने पाहता येतो. राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाचा शोध घेते. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळाचे नामांकन मिळालेल्या या खेळातील दृश्यांची आणि वास्तुकलेची स्तुती झाली, तर कथा आकस्मिक तुटते याविषयी नाराजी व्यक्त झाली. कर्कवॉलच्या खेळाडूंना पुढचा भाग फार लवकर आल्याचे दुःख होते. राजीच्या खेळाडूंची तक्रार मात्र, गोलूचे पुढे काय झाले हे आपल्याला सांगितलेच नाही, अशी होती.