आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमातून प्राथमिक विद्यार्थ्यांना नेमके काय मिळते?

बेंगळुरू : माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या विस्ताराबरोबर बेंगळुरू आणि परिसरात आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांची संख्या वाढत गेली. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही पाल्याच्या पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी हा पर्याय येतो. अनेक शाळांचे वार्षिक शुल्क काही लाख रुपयांच्या घरात असते. इतका खर्च केल्यानंतर सहा वर्षांच्या मुलाच्या पदरात नेमके काय पडते, हे जाणून घेतल्याशिवाय निर्णय घेणे योग्य ठरत नाही.

दोन प्रमुख अभ्यासक्रम

प्राथमिक स्तरावर दोन नावे प्रामुख्याने पुढे येतात. पहिले इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आयबी. 1968 मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या या संस्थेने आरंभी केवळ विद्यापीठपूर्व पदविका अभ्यासक्रम चालवला. 3 ते 12 वर्षे वयोगटासाठीचा प्राथमिक कार्यक्रम 1997 मध्ये सुरू झाला. दुसरा केंब्रिज प्रायमरी हा 5 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी आहे.

या दोहोंत मूलभूत फरक आहे. केंब्रिजमध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान अशा विषयांची वर्षनिहाय उद्दिष्टे ठरवून दिलेली असतात. आयबी ही मुख्यतः अध्यापनाची चौकट आहे. तिच्यात ठरावीक पाठ्यपुस्तक नसते. आपण कोण आहोत, स्थळकाळात आपण कोठे आहोत, आपण स्वतःला कसे व्यक्त करतो, जग कसे चालते, आपण व्यवस्था कशा उभारतो आणि पृथ्वी सर्वांनी मिळून कशी वापरावी, या सहा सूत्रांभोवती वर्षाचे अध्यापन गुंफले जाते. प्राथमिक टप्प्याच्या अखेरीस बाह्य परीक्षा होत नाही. विद्यार्थी एखाद्या प्रश्नाचा गटाने अभ्यास करून त्याचे प्रदर्शन मांडतात.

वर्गात काय घडते

या पद्धतीचा लाभ उदाहरणाने स्पष्ट होतो. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून उपसा करून आणले जाते. 2024 च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र टंचाई अनुभवली. चौथीच्या वर्गाने ‘आपल्या नळाला पाणी कोठून येते?’ हा प्रश्न सहा आठवड्यांसाठी घेतला, तर घरातील रोजचा वापर मोजून त्याचा आलेख काढणे हे गणित झाले, पाणी शुद्ध करण्याचा प्रयोग हे विज्ञान झाले आणि शहरातील जुन्या तलावांची माहिती हा इतिहास झाला. सोसायटीच्या पंपचालकाची कन्नडमध्ये घेतलेली मुलाखत हा भाषेचा पाठ ठरला. विषय वेगवेगळे राहिले, तरी त्यांचा परस्परसंबंध मुलाला स्वतः दिसतो.

अशा अध्यापनातून तीन गोष्टी साध्य होऊ शकतात. प्रश्न विचारणे ही वर्गातील रीत बनते. आपले म्हणणे इतरांसमोर मांडण्याचा आणि इतरांचे ऐकून घेण्याचा सराव लहानपणीच होतो. शिवाय गुणांऐवजी कामाच्या निरीक्षणावर मूल्यमापन आधारलेले असल्याने चुकण्याची धास्ती कमी होते. वारंवार देश बदलणाऱ्या कुटुंबांना आणखी एक व्यावहारिक सोय मिळते. सिंगापूर किंवा दुबईतही तीच चौकट असलेली शाळा मिळाल्यास मुलाच्या शिक्षणातील खंड टळतो.

मर्यादा कोणत्या

मात्र हे लाभ आपोआप मिळत नाहीत. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या अभ्यासकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चर्चित लेखात अत्यल्प मार्गदर्शनाच्या अध्यापनावर टीका केली होती. नव्याने शिकणाऱ्याला स्पष्ट आणि क्रमबद्ध मार्गदर्शनाची गरज असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. अक्षरओळख, वाचनातील ओघ, पाढे आणि हातचे यांना नियमित सरावाला पर्याय नाही. प्रकल्पांच्या गडबडीत हा सराव मागे पडला, तर पाचवीतील मूल सुंदर तक्ता मांडते. पण परिच्छेद वाचताना अडखळते.

या शाळांतील मुलांची प्रगती इतरांशी ताडून पाहतानाही सावधगिरी हवी. ज्या घरांत पुस्तके, प्रवास आणि शिकलेले पालक आहेत, त्या घरांतील मुले इतर शाळांतही पुढे राहू शकतात. त्यांच्या यशातील अभ्यासक्रमाचा वाटा किती, हे वेगळे काढणे सोपे नसते.

भाषेचा प्रश्न

मराठी पालकांसाठी भाषेचा मुद्दा कळीचा आहे. कर्नाटकच्या 2015 च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानुसार राज्यातील शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड शिकवणे बंधनकारक करण्यात आले असून, 2017-18 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. माध्यम बहुतांश इंग्रजी असते. म्हणजे मराठी ही केवळ घराची जबाबदारी उरते.

आयबीच्या चौकटीत प्रत्येक शाळेने आपले भाषाधोरण लेखी ठरवणे आणि विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषेला आधार देणे अपेक्षित आहे. प्रवेशाच्या वेळी हे धोरण मागून पाहणारे पालक थोडेच असतात. मुलाने आजीची मुलाखत मराठीत घेऊन ती वर्गात मांडावी, असे शाळेने ठरवले, तर त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. मुलाला मात्र आपल्या भाषेचे मोल कळते.

पद्धत सर्वांची होऊ शकते

कृतीतून शिक्षणावर महागड्या शाळांची मक्तेदारी नाही, याचे उदाहरण कर्नाटकातच आहे. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यातील सरकारी शाळांत ‘नली-कली’ हा उपक्रम सुरू झाला. या कन्नड नावाचा अर्थ ‘आनंदाने शिका’ असा होतो. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील कामापासून प्रेरणा घेतलेल्या या पद्धतीत मूल कार्डांच्या साहाय्याने आपल्या गतीने पुढे जाते. पुढे ती राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांच्या पहिल्या इयत्तांत नेण्यात आली.

महाराष्ट्रात याही आधी ताराबाई मोडक यांनी परदेशी पद्धतीला देशी रूप दिले होते. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांनी स्वीकारले. पण महागडी साधने ग्रामीण आणि आदिवासी मुलांना परवडणारी नव्हती. 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात त्यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून शैक्षणिक साधने घडवली. अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम पुढे कोसबाड येथे रुजले. बाहेरून आलेला विचार आपल्या मातीत रुजवता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही 3 ते 8 वर्षे वयोगटासाठी खेळ आणि कृती यांवर आधारित शिक्षणाची शिफारस करण्यात आली आहे. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण मातृभाषेतून असावे, असेही त्यात म्हटले आहे.

पालकांनी काय पाहावे

शाळेच्या फलकावरील ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा पुरावा नसतो. त्यामुळे संबंधित संस्थेची अधिकृत मान्यता आहे का आणि ती प्राथमिक स्तरासाठी आहे का, हे आधी तपासावे. वर्गात किती मुले आहेत, शिक्षक किती वर्षे टिकतात आणि त्यांना प्रशिक्षण मिळते का, वाचन व गणिताच्या सरावाला रोज किती वेळ दिला जातो, हे प्रश्न इमारत आणि जलतरण तलावापेक्षा महत्त्वाचे आहेत. पुढे राज्य मंडळ किंवा केंद्रीय मंडळाच्या शाळेत जावे लागल्यास मुलाची तयारी कशी करून घेतली जाईल, याचेही उत्तर मिळायला हवे.

शुल्काचा हिशेब केवळ पहिल्या वर्षाचा करून भागत नाही. प्राथमिक टप्प्याची सर्व वर्षे तो भार पेलता येईल का, हे कुटुंबाने आधीच पाहिलेले बरे. तो पेलणार नसेल, तर ती संधी हुकल्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. मुलाच्या प्रश्नांना वेळ देणारा शिक्षक, रोजचे वाचन आणि घरी बोलली जाणारी समृद्ध मराठी, या तीन गोष्टी कोणत्याही मंडळाच्या शाळेसोबत मिळवता येतात.