‘ओतेल्लो’: गाळलेल्या अंकाचे स्थलांतर

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या शोकांतिकेवर जुझेप्पे व्हेर्दी यांनी रचलेला ‘ओतेल्लो’ हा ऑपेरा, म्हणजे संवादांसह संपूर्णपणे गायले जाणारे नाटक, ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलानच्या ‘ला स्काला’ नाट्यगृहात प्रथम सादर झाला. गायलेला शब्द उच्चारलेल्या शब्दापेक्षा कितीतरी अधिक वेळ घेतो. त्यामुळे मूळ नाटकाच्या तीन हजारांहून अधिक ओळी संहिताकार आर्रिगो बोइतो यांनी सुमारे आठशेवर आणल्या आणि व्हेनिसमध्ये घडणारा पहिला अंक संपूर्ण वगळला.

आता पडदा उघडतो तो थेट सायप्रसच्या वादळात. ऑर्गनवर खर्जातले तीन लगतचे स्वर वादळ ओसरेपर्यंत एकत्र धरलेले असतात. वाद्यवृंदाच्या कल्लोळात ते वेगळे ओळखू आले नाहीत, तरी त्यांची अस्वस्थता श्रोत्याला जाणवत राहते.

बोइतो यांचे खरे कौशल्य मात्र गाळलेल्या मजकुराची सोय लावण्यात आहे. नाटकात ऑथेल्लो सेनेटपुढे, आपल्या हालअपेष्टांची कहाणी ऐकून पत्नी डेस्डेमोना आपल्यावर कशी अनुरक्त झाली, हे सांगतो. ऑपेराच्या पहिल्या अंकाअखेरीस तीच हकिकत युगुलगीतात दोघे मिळून आठवतात, आणि सभेपुढची जबानी परस्परांच्या प्रीतीची आठवण होते. या गीतात चुंबनाच्या क्षणी वाद्यवृंद जो स्वरबंध वाजवतो, तोच चौथ्या अंकात ओतेल्लो निद्रिस्त पत्नीकडे पाहतो तेव्हा आणि अखेर तो मरताना पुन्हा उमटतो. पश्चात्तापाचे दीर्घ भाषण जे करू शकले असते, ते इथे काही मोजक्या स्वरांनी साधले आहे.

खलनायक इयागोच्या बाबतीत रूपांतर तितके निर्दोष नाही. दुसऱ्या अंकात तो क्रूर ईश्वरावरील आपली श्रद्धा उघडपणे गातो. हे स्वगत बोइतो यांनी नव्याने घातले आहे. संगीत म्हणून ते थरारक असले, तरी शेक्सपिअरने शेवटपर्यंत राखलेले त्याच्या दुष्टतेचे गूढ त्यामुळे बरेच उकलते, आणि हे नुकसान लहान नाही.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे ज्या मराठी वाचकांना ही कथा परिचित आहे, त्यांनी मूळ नाटकातील सेनेटपुढचे भाषण वाचून मग हे युगुलगीत अवश्य ऐकावे.