मांडव घालण्यापूर्वी

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री नाटक. मंडईचा दिवस कोणता, वडशाच्या कोणत्या मंडळाचे नाटक आणायचे, वर्गणी किती घ्यायची, हे ठरवण्यासाठी गावात बैठक होत असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावी ती झालीच नाही. चौघांनी परस्पर नाटक ठरवले आणि ते वर्गणीला निघाले. बाबांनी पैसे दिले. ते लोक गेल्यावर एवढेच म्हणाले, "पैसे मांगाले येतेत, पुसाले कोनी येत नाई."

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. मोठी संमेलने म्हणजे मोठ्या माणसांच्या मर्जीचा मामला, अशी माझी समजूत होती. वाङ्मय मंडळाच्या कामात पडल्यावर साहित्यिकांच्या संस्था आपले संमेलन कसे ठरवतात हे पाहिले, तेव्हा बाबांच्या वाक्याचा अर्थ नव्याने कळला.

मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ साली पुण्यात भरले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांचा त्यात पुढाकार होता. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांनी मात्र नाकारले. जे सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभेशी आमच्या सभेचा मेळ बसणार नाही, असा त्यांचा आशय होता. मांडवात कोणाला स्थान आहे, हा प्रश्न असा पहिल्यापासूनच उभा आहे.

पुढे संस्था उभ्या राहिल्या. १९०६ मध्ये पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद आणि १९२३ मध्ये आपला विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. मुंबई व मराठवाडा येथेही अशा संस्था निघाल्या. या चार संस्थांना एकत्र आणणारे अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले. त्याचे कार्यालय एकाच शहरात कायम राहत नाही. दर तीन वर्षांनी ते एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते. सूत्रे एकाच गावाच्या हाती राहू नयेत, हा त्यातला शहाणपणा आहे.

संमेलन आपल्याकडे व्हावे असे ज्या संस्थेला वाटते, ती महामंडळाकडे निमंत्रण पाठवते. स्थळ निवड समिती जागा पाहते. निवासाची सोय, येण्याजाण्याची साधने, मंडपाची जागा, खर्च पेलण्याची यजमानाची ताकद या गोष्टी तेथे पाहाव्या लागतात. समिती शिफारस करते आणि निर्णय महामंडळाच्या बैठकीत होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेले ९८ वे संमेलन याच वाटेने गेले. त्याची यजमान पुण्याची 'सरहद' संस्था होती. स्थळ ठरल्यावर यजमान स्वागत समिती नेमतात, पैसा उभा करतात, मांडव घालतात. परिसंवाद आणि वक्ते यांबाबत महामंडळाचा शब्द महत्त्वाचा असतो. थोडक्यात, मांडव यजमानाचा आणि व्यासपीठ सर्वांचे.

अध्यक्ष पूर्वी मतदानाने निवडत. प्रचाराची धावपळ, गटबाजी यांना कंटाळून २०१८ मध्ये ती पद्धत बदलली. घटक संस्था नावे सुचवतात आणि महामंडळ एक नाव निश्चित करते. अरुणा ढेरे या पद्धतीने आलेल्या पहिल्या अध्यक्षा. निवडणुकीचा त्रास टळला हे खरे. पण सामान्य सभासदाच्या हातची मतपत्रिकाही गेली. मला हा सौदा पुरता पटलेला नाही.

ही व्यवस्था कोठे अडखळते, हे याच संमेलनात दिसले. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ते व्हायचे होते. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. विरोध व धमक्या येताच ते मागे घेण्यात आले. कोणी, कोणाला विचारून, यावर राज्यभर वाद झाला. अनेक साहित्यिकांनी संमेलनाला जाणे टाळले आणि महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अखेर शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नियमाची वही नुसती असून भागत नाही. संकटाच्या दिवशी ती उघडावी लागते, हा धडा मी त्यातून घेतला.

मित्रहो, बैठकीची सूचना, विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त हे शब्द आपल्याला रुक्ष वाटतात. पण ज्याला कोणी पुसत नाही, त्याचे म्हणणे कागदावर येण्याची तीच एक वाट आहे.

गेल्या वर्षी मंडईपूर्वी मी बैठकीची सूचना हाताने लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली. काही जण हसले. पण माणसे जमली. बाबा मागच्या ओळीत बसले होते. ते उठून म्हणाले की अर्ध्या गावाचे धान अजून बांधीत उभे आहे, मंडई चार दिवस पुढे न्या. थोडा वाद झाला आणि तसे ठरले. मी ते वहीत लिहिले, वाचून दाखवले आणि सह्या घेतल्या. बाबांना सही येत नाही. त्यांनी अंगठा उमटवला.