बाबांची केमो, तुमचं कॅलेंडर

‘केमो’ म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? सिनेमातला सीन! डोक्याला स्कार्फ, खिडकीबाहेर पाऊस, मागे व्हायोलिन. प्रत्यक्षात केमो म्हणजे तासन् तास सलाइन, ब्लड रिपोर्टची वाट बघणं आणि ‘आज काय खाणार?’ यावरून घरात होणारी चिडचिड. आई किंवा बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय आणि तुम्ही ऑफिस सांभाळून हे सगळं निभावताय? मग हे तुमच्यासाठी.

फुफ्फुसाच्या प्रत्येक कॅन्सरला केमो लागतेच असं नाही. हल्ली गाठीच्या तुकड्याच्या जनुकीय तपासण्या होतात. ईजीएफआरसारखा बदल सापडला, तर गोळ्यांनीही सुरुवात होऊ शकते. काहींना इम्युनोथेरपी देतात. पण सिस्प्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन हे जुने खेळाडू अजून मैदानात आहेत. सोबतीला पेमेट्रेक्सेड, पॅक्लिटॅक्सेल किंवा इटोपोसाइड. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. केसांची मुळं, तोंडातलं अस्तर, हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या पेशी... याही भराभर वाढतात, म्हणून त्यांनाही फटका बसतो. साइड इफेक्ट्सचं मूळ इथे आहे.

२१ दिवसांचं गणित

साधारणपणे दर २१ दिवसांनी एक सायकल, अशा ४ ते ६. तेव्हा मोबाइलमधलं कॅलेंडर उघडा.

पहिला आठवडा मळमळीचा आणि थकव्याचा. सिस्प्लॅटिननंतरची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उसळते. म्हणून उलटीच्या गोळ्या ‘त्रास झाला तर बघू’ म्हणून ठेवायच्या नाहीत. दिलेल्या वेळेलाच घ्यायच्या. तोंडाला धातूसारखी चव येते, तेव्हा स्टीलऐवजी लाकडी चमचा देऊन बघा. ताटभर जेवणाचा आग्रह नको. मऊ भात-मेतकूट, दही, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा चालेल.

दुसरा आठवडा वरवर शांत. बाबा पेपर वाचायला लागतात, चहा मागतात. आणि नेमक्या याच काळात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. शरीराकडे लढायला सैन्यच नसतं! या दिवसांत नातेवाइकांची रांग, लग्नाचे हॉल आणि सर्दी झालेली भाचरं लांब ठेवा. फळं धुऊन, सोलून द्या.

तिसरा आठवडा सावरण्याचा. मग रक्ताची तपासणी. आकडे जमले तर पुढची सायकल, नाहीतर काही दिवस थांबायचं. थांबावं लागलं म्हणजे ट्रीटमेंट फसली, असं नाही.

केस? पॅक्लिटॅक्सेलने बहुधा जातात, पेमेट्रेक्सेडने बऱ्याचदा टिकतात. पेमेट्रेक्सेड असेल तर फॉलिक अॅसिडची गोळी आणि बी-१२चं इंजेक्शन आधीपासून सुरू होतं; ती गोळी ‘साधं व्हिटॅमिन’ समजून चुकवू नका.

१०० पॉइंट ४

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या आधीच्या पिढीला सोसायची सवय आहे. ‘रात्री कशाला डॉक्टरांना त्रास? सकाळी बघू.’ एरवी कौतुक वाटावं असा हा स्वभाव केमोच्या काळात जिवावर बेतू शकतो. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर ती इमर्जन्सी आहे. रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन करा आणि हॉस्पिटल गाठा. क्रोसिन देऊन झोपवू नका. ताप दबतो, इन्फेक्शन वाढत राहतं. थंडी वाजून अंग कापत असेल किंवा दम वाढला असेल, तर थर्मामीटरची वाट न बघता निघा.

बोटांना मुंग्या येणं, शर्टाची बटणं लावता न येणं, कानात आवाज, तोंड येणं, लघवी कमी होणं, हेही सांगायचंच. वेळेत कळलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. आणि अंगदुखीवर घरातली पेनकिलर किंवा व्हॉट्सअॅपवरचा काढा परस्पर नको. किडनी आधीच ओव्हरटाइम करतेय.

म्हणून रोज संध्याकाळी ‘कसं वाटतंय?’ एवढंच विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘ठीक आहे रे.’ त्याऐवजी विचारा, ताप किती? किती वेळा खाल्लं? मुंग्या येतायत का? एका वहीत लिहा आणि पुढच्या अपॉइंटमेंटला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. बाबा जे सांगायचं टाळतील, ते ती वही सांगेल.