ऊन सगळ्यांचं, पण छप्पर?

दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे गेलो होतो, भोकरदन तालुक्यात. समोरच मामाच्या स्लॅबवर नवेकोरे सोलर पॅनल. आजी म्हणाली, "ऊन तर फुकटच हाय ना रं, मग माझ्या घरावर का नाही?" माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, वर इलेक्ट्रिकलचं तिसरं वर्ष. उत्तर इंग्लिशमध्ये तयार होतं, आजीला सांगताच येईना!

आजीचं घर मातीच्या माळवदाचं, पुढच्या दोन खोल्या पत्र्याच्या. 1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वाऱ्यात पॅनल उडू नये म्हणून खाली मजबूत छत. पाहायला आलेला माणूस माळवदावर चढायलाच तयार झाला नाही.

2024 साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000 आणि 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे. मामाला 78,000 मिळाले. महिन्याला जेमतेम 40 युनिट जाळणाऱ्या आजीला शून्य.

खरी गोम पुढे आहे. मामाची जादा वीज दिवसा लाइनवर जाते, रात्री तो ती परत घेतो आणि बिल फक्त फरकाचं येतं. हेच नेट मीटरिंग. पण खांब, तारा, डीपी तेच, त्यांचा खर्चही तोच. आपल्याकडे जास्त युनिटवाले आणि कारखाने चढा दर भरतात, म्हणून 100 युनिटच्या आतल्यांना वीज स्वस्त पडते. हे मोठे ग्राहक, अगदी जालन्याच्या स्टील मिलसुद्धा, सोलरवर गेले तर तो भार कोणी उचलायचा? आजीने?

राज्याने 2025 मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला 1 किलोवॅट फक्त 2,500 रुपयांत. हे मला मनापासून आवडलं. पण परत छप्पर आलंच की! भाड्याने राहणाऱ्यांनी काय करायचं? (कॉलेजबाहेर रूम करून राहणाऱ्या आपल्या पब्लिकने?)

माझ्या मते गावातल्या शाळेच्या स्लॅबवर एकच मोठा प्लांट बसवावा. ज्यांना छत नाही त्यांचा त्यात वाटा, आणि युनिट थेट त्यांच्या बिलात जमा. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात, सूर्यघरच्या नियमांतही त्याला जागा आहे.

आजीला हे बरोबर समजलं. "म्हंजी भिशीवानी. मग पयला नंबर कुनाचा?"

ते मला सांगता आलं नाही. पुढच्या सुट्टीत ग्रामसेवकांना विचारायचं ठरलंय, आजीही सोबत येणार आहे.